अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा: यादी पाठ करण्याआधी रचना समजून घेऊ या

नदीकाठ

मंडळी, नागरिकत्वाच्या परीक्षेवर इथे पूर्वी जे लिहिलं गेलं ते जुन्या परीक्षेबद्दल होतं. ज्यांचा एन-४०० फॉर्म, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झाला, त्यांच्यासाठी परीक्षा बदलली आहे. पूर्वी १०० प्रश्नांची यादी होती. ऑफिसर त्यातले जास्तीत जास्त १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की झालं. आता यादी १२८ प्रश्नांची आहे, २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर झाले की तिथेच थांबतात, ९ चुकले तरी तिथेच थांबतात. सगळं तोंडी, पर्याय वगैरे काही नाही. इंग्रजी वाचन आणि लेखन वेगळं असतं: तीनपैकी एक वाक्य नीट वाचता आलं पाहिजे आणि तीनपैकी एक ऐकून लिहिता आलं पाहिजे.

न्यू जर्सीतल्या एका वाचनालयात या परीक्षेचा वर्ग चालतो, तिथे मी शिकवायला मदत करते. मुलांकडे राहायला आलेले आपले आई-बाबा, काका-मावश्या तिथे बरेच येतात. यादी नुसती पाठ केलेल्यांचे आकडे समोर ऑफिसर बसला की एकमेकांत मिसळतात. १००, ४३५, ९, २७, सगळे आठवतात, पण कुठला कशाचा हे आठवत नाही. ज्यांना सरकारची बांधणी कळली आहे त्यांचं असं होत नाही. म्हणून हा धागा.

आपली मंडळी राजकारणात अडाणी नसतात. आयुष्यभर पेपर वाचलेला असतो, निवडणुकीच्या निकालाचे दिवस रेडिओला कान लावून काढलेले असतात. अडचण वेगळी आहे. डोक्यात पक्कं बसलेलं चित्र भारतीय संसदेचं असतं आणि इथली उत्तरं त्या चित्रात बसवायला गेलं की चुकतात.

सगळ्यात मोठा फरक सांगते. आपल्याकडे लोकसभेत ज्याचं बहुमत त्याचं सरकार. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. तो दिवस वर्गातल्या प्रत्येकाला आठवतो. मी त्यांना सांगते की इथे हे होऊच शकत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी स्वतंत्रपणे निवडून येतो. काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं (हाउस आणि सेनेट) विरोधी पक्षाकडे गेली तरी तो पदावर राहतो. अविश्वास ठराव नाही, मुदतीआधी निवडणूक नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरलेला. यादवी युद्ध चालू असताना, १८६४ साली लिंकनसुद्धा ठरल्या वेळी निवडणुकीला सामोरे गेले.

राष्ट्राध्यक्षाला हटवायचं तर महाभियोग. हाउसमध्ये साधं बहुमत लागतं, मग खटला सेनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प. एकालाही सेनेटने दोषी ठरवलं नाही. जॉन्सन एका मताने वाचले. निक्सन यांनी १९७४ मध्ये महाभियोगाआधीच राजीनामा दिला.

दुसरा फरक मंत्र्यांचा. आपल्याकडे मंत्री खासदार असावा लागतो, नसेल तर सहा महिन्यांत व्हावा लागतो. इथे नेमकं उलट: कॅबिनेटमध्ये जायचं तर काँग्रेसचं सदस्यत्व सोडावं लागतं, राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तशी अट आहे. मंत्र्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, मान्यता सेनेट देते.

या दोन गोष्टी मनात रुजल्या की यादीतले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. कायदा कोण करतं? काँग्रेस. सही कोण करतं? राष्ट्राध्यक्ष. नकाराधिकार कोणाचा? त्याचाच. तो मोडायला काय लागतं? दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. कायदा घटनेत बसतो की नाही हे कोण सांगतं? सुप्रीम कोर्ट, १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालापासून. सरकारच्या या तीन शाखा का, तर कोणा एकाच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून.

प्रश्न जरूर विचारा. ज्यांनी नुकताच इंटरव्ह्यू दिला आहे त्यांनीही लिहा.

रानजाई

वाचनखूण साठवली. ताई, माझी आई ६७ वर्षांची आहे, ६१ व्या वर्षी ग्रीन कार्डवर इथे आली. ६५ च्या वरच्यांना मराठीत परीक्षा देता येते आणि फक्त २० प्रश्न वाचावे लागतात असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. आई त्यावरच विसंबून आहे.

नदीकाठ

रानजाई, आईंना आजच सांग, ही सवलत त्यांना लागू नाही. नुसतं वय पुरत नाही, ग्रीन कार्डची वर्षंही बघतात.

वय ६५ आणि ग्रीन कार्डला २० वर्षं झाली असतील तर फक्त २० निवडक प्रश्नांचा अभ्यास असतो, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर लागतात आणि आपल्या भाषेत उत्तरं देता येतात. वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ आहे. सिव्हिक्सची, म्हणजे सरकार आणि इतिहासावरच्या प्रश्नांची, मात्र पूर्ण द्यावी लागते, दुभाष्यामार्फत मराठीत देता येते.

उतारवयात मुलांकडे आलेले आपले बहुतेक आई-वडील यातल्या कशातच बसत नाहीत. ज्यांनी इथे तारुण्य घालवलं त्यांना सवलत आणि ज्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर नवी भाषा शिकायची आहे त्यांना काही नाही, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. पण नियम तसा आहे. एन-६४८ नावाचा वैद्यकीय सवलतीचा फॉर्म असतो, तो खऱ्या शारीरिक किंवा मानसिक आजारासाठी. म्हातारपण हे कारण त्यात चालत नाही.

आणखी एक. पाच वर्षांत एकूण ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सलग वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो, वर्षभर राहिलं तर ते तुटतंच. दर हिवाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी पासपोर्टावरचे शिक्के काढून हिशेब मांडावा.

आईंना घाबरवू नकोस. एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात आणि राहिलेला भागच परत घेतात.

भरतीओहोटी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. मी जुनी परीक्षा दिली. फोनवरच्या अॅपमधून प्रश्न पाठ केले, पहिले सहा बरोबर आले, पाच मिनिटांत विषय संपला. ज्येष्ठांना मार्बरी विरुद्ध मॅडिसन कशाला? त्यांच्यावरचं दडपण वाढतं. यादी सरकारनेच छापली आहे, उत्तरं सरकारनेच दिली आहेत, पाठ करावीत आणि मोकळं व्हावं.

नदीकाठ

भरतीओहोटी, तुमच्या परीक्षेपुरतं ते चाललं. नव्या यादीत "का" विचारणारे प्रश्न वाढले आहेत. हाउसच्या सदस्याची मुदत सेनेटरपेक्षा कमी का? न्यायाधीश आजन्म का? पाठ केलेलं वाक्य एका शब्दावर अडलं की पुढचं सगळं जातं. कारण माहीत असलं की मोडक्यातोडक्या इंग्रजीतही सांगता येतं आणि ऑफिसर ते मान्य करतात. हाउसचे सदस्य दर दोन वर्षांनी लोकांपुढे जातात म्हणजे जनमताच्या जवळ राहतात. न्यायाधीशाला पुढच्या नेमणुकीची काळजी नसली की तो कोणाच्या दबावाखाली राहत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, मग इथले का होत नाहीत, हे आजोबा स्वतःच विचारतात. एकदा समजलं की विसरत नाहीत.

आणि दडपणाचं म्हणाल तर मला उलट अनुभव येतो. पाठांतराला बसवलं की ही माणसं शाळकरी पोरांसारखी गप्प होतात. १९९९ चा विषय काढला की बोलायला लागतात.

कातळ

मला सेनेटचं गणित कधीच पटलं नाही. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक, वायोमिंगमध्ये सहा लाखांच्या आत. दोघांना दोनच सेनेटर. आपली राज्यसभा तरी लोकसंख्या बघते: उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. हे कसलं लोकप्रतिनिधित्व?

चांदणवेल

कातळ, मी नागपूरला राज्यशास्त्र शिकले, सध्या टेक्सासमध्ये आहे. हा माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जे प्रतिनिधी जमले ते आपापल्या राज्याकडून आले होते. तेव्हा ही राज्यं स्वतःला जवळजवळ स्वतंत्र देश समजत होती. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना लोकसंख्येवर जागा हव्या होत्या, न्यू जर्सीसारख्या छोट्यांना समान हव्या होत्या. बैठक मोडायची वेळ आली, तेव्हा कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी मधला रस्ता काढला: एक सभागृह लोकसंख्येवर, दुसरं समान. म्हणजे सेनेट हा देश एकत्र राहावा म्हणून दिलेला मोबदला आहे. आपल्याकडे घटना समितीने राज्यं कशी असावीत हे ठरवलं, आणि संसद साध्या कायद्याने राज्याच्या सीमा बदलू शकते. १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते असेच. इथे राज्याच्या संमतीशिवाय त्याची एक इंचही जमीन दुसरीकडे देता येत नाही. राज्यांचं वजन मुळातच वेगळं आहे.

त्याच बैठकीत गुलामांची गणती तीन पंचमांश धरायचीही तडजोड झाली, हेही विसरू नये. दक्षिणेतल्या राज्यांना त्यामुळे हाउसमध्ये जास्त जागा मिळाल्या आणि ज्यांच्या नावावर त्या मिळाल्या त्यांना मताचा अधिकारच नव्हता. घटना वाचताना मला दरवेळी तिथे थांबावं लागतं.

सेनेटर सुरुवातीला राज्यांची विधिमंडळं निवडत, आपल्या राज्यसभेसारखेच. १९१३ च्या १७ व्या दुरुस्तीने ते थेट लोकांकडे आलं.

आता उरलेल्या अधिकारांचा मुद्दा. आपल्या घटनेत कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो, अनुच्छेद २४८. अमेरिकेत १० वी दुरुस्ती सांगते की संघराज्याला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. हा एक फरक लक्षात ठेवला की "संघराज्याचा एक अधिकार सांगा, राज्याचा एक अधिकार सांगा" हे प्रश्न सोपे होतात. नोटा छापणं, युद्ध पुकारणं, सैन्य उभारणं, परराष्ट्रांशी करार करणं हे संघराज्याचं. शाळा, पोलीस, गाडीचं लायसन्स, जमिनीच्या वापराचे नियम हे राज्याचं. लायसन्स टेक्सासचं किंवा न्यू जर्सीचं असतं, अमेरिकेचं नसतं, हे आपण रोज खिशात घेऊन फिरतोच.

आणि इथे जिल्हाधिकारी नाही! माझ्या वडिलांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वरून बदली होऊन येणारा, जिल्ह्याचा सगळा कारभार बघणारा अधिकारी इथे नसतो. काउंटीचा शेरिफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, स्कूल बोर्ड निवडून येतं, टेक्सासमध्ये तर न्यायाधीशही निवडून येतात. राज्याचा गव्हर्नर लोक निवडतात, त्याला वॉशिंग्टनहून कोणी पाठवत नाही.

कातळ

सविस्तर लिहिलंत, आभार. सेनेट अजूनही पटत नाही, पण ती कुठून आली ते कळलं.

मग राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत राज्यांना वाटून दिलेल्या मतांचा ५३८ हा आकडा यातूनच येतो ना?

चांदणवेल

हो. ४३५ हाउसचे, १०० सेनेटचे आणि १९६१ च्या २३ व्या दुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३. जिंकायला निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७० लागतात. कॅलिफोर्नियाला ५४, वायोमिंगला ३. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्य जिंकणाऱ्याला तिथली सगळी मतं मिळतात. म्हणून २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला.

शेवंती

सुंदर धागा. मला इतिहासाच्या प्रश्नांबद्दल लिहायचं आहे. १५ वी, १९ वी, २४ वी, २६ वी या चार दुरुस्त्या मताच्या अधिकाराच्या. १८७० मध्ये वंशावरून मत नाकारायला बंदी, १९२० मध्ये स्त्रियांना मत, १९६४ मध्ये मतासाठी कर घ्यायला बंदी, १९७१ मध्ये वय १८. भारतात आपल्याला १९५० मध्ये घटनेबरोबरच सगळ्यांना मत मिळालं. इथे १८७० ची दुरुस्ती असूनही दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवत आणि १९६५ चा व्होटिंग राइट्स अॅक्ट यावा लागला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचं उत्तर पाठ करताना हे माहीत असावं.

गुलामगिरी संपवणाऱ्या १३ व्या दुरुस्तीचा आपल्याशीही धागा जुळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना. दुरुस्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांनी या देशात काय घडतंय ते ओळखलं होतं.

आणि ज्यांना हे नागरिकत्व म्हणजे नुसता पासपोर्ट वाटतो त्यांनी भगतसिंग थिंद यांचा खटला वाचावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या या शीख माणसाला १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिक होता येणार नाही. कारण १७९० पासून कायद्यात गोऱ्यांची अट होती. १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली, आपण दोन्हीकडून बाहेर. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं. दार उघडलं ते १९४६ च्या कायद्याने. दलीप सिंग सौंद त्याच कायद्यामुळे १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून हाउसवर निवडून आले.

चांदणवेल

शेवंती, +१. यात १४ वी दुरुस्ती जोडते. १८६८ च्या त्या दुरुस्तीत "कायद्याचं समान संरक्षण" आहे आणि आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मध्येही तेच शब्द आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा त्या दुरुस्तीला पन्नास वर्षंही झाली नव्हती आणि दक्षिणेत ती कागदावरच होती.

भरतीओहोटी

हा सगळा भाग मला माहीत नव्हता. थिंद खटल्याबद्दल आज पहिल्यांदा वाचलं. मुलांना दाखवतो.

एक विचारतो, नव्याने नागरिक झालेल्यांना कुठल्या पदाला उभं राहता येतं?

नदीकाठ

राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही पदं सोडून जवळजवळ सगळीकडे. हाउससाठी वय २५ आणि नागरिकत्वाला ७ वर्षं, सेनेटसाठी वय ३० आणि ९ वर्षं. श्री ठाणेदार बेळगावचे, मराठी बोलणारे. २०२३ पासून मिशिगनमधून हाउसमध्ये आहेत. वर्गात त्यांचं नाव घेतलं की सगळे सरसावून बसतात. आपल्या हाउस सदस्याचं नाव सांगा हा प्रश्न यादीत आहेच. आपल्या पत्त्यावरून तो शोधून ठेवायचा. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, स्पीकर, गव्हर्नर, सेनेटर ही सगळी नावं इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासायची. छापील यादीवर जाऊ नका, माणसं बदलतात.

एक इशाराही देते, कारण यात चांगली माणसं अडकतात. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत मतदार नोंदणी करायची नाही. लायसन्स काढताना फॉर्मवर किंवा पडद्यावर "मतदार म्हणून नोंदवायचं आहे का" असं विचारतात. ग्रीन कार्डवाल्याने घाईत हो म्हटलं तर पुढे नागरिकत्व अडकू शकतं, देश सोडायची वेळही येऊ शकते. आई-वडिलांबरोबर मोटार व्हेइकल ऑफिसात जाल तेव्हा हा प्रश्न स्वतः वाचा.

रानजाई

ताई, आईला सांगितलं. आधी हिरमुसली, मग १९९९ ची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणाली, त्या रात्री बाबा जेवले नव्हते. आता शनिवारपासून आमच्या इथल्या वाचनालयात वर्ग आहे का ते बघतेय.

तिचा एक प्रश्न: शपथ घेतल्यावर भारताचं काय? कोल्हापूरजवळ तिच्या वडिलांची शेती आहे, त्यात तिचं नाव आहे.

नदीकाठ

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या कायद्यानुसार भारताचं आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट रद्द करून घेऊन सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, काढायचं. ओसीआयवर मुक्काम कितीही करता येतो. भारतात मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. सातबारावरची नावं आणि वाटणीचे कागद मात्र शपथेआधी गावच्या चांगल्या वकिलाला दाखवून घ्या. लांबून हे निस्तरणं फार जड जातं.

आणि आईंना सांग, न्यू जर्सीत असाल तर निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते. शपथविधीच्या ठिकाणीही बहुतेक वेळा नोंदणीचे फॉर्म ठेवलेले असतात, तिथेच भरून द्यायचा.

रानजाई

सांगते. ती विचारतेय की स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत आजीला मत देता येतं का, नातू तिसरीत आहे.

नदीकाठ

येतं. शाळेत मूल असण्याचीही अट नाही, त्या गावात राहणारी नोंदणीकृत मतदार असली की झालं.